संगं येणारी नर्सबाई

या गं पोरींनो, अशा जवळ सरकून बसा. आणि ते मोबाईल आधी खाली ठेवा. दुपारपासून ऐकतेय मी. तिकडे अमेरिकेत दोन बाजूंचे लोक रस्त्यावर उभे राहून भांडतात, पोट पाडणं पाप की बाईचा हक्क म्हणून, आणि इकडे तुम्ही माझ्या ओसरीत बसून त्यांचं भांडण पुढे चालवता. एक म्हणते जीव आहे, दुसरी म्हणते अंग कोणाचं आहे. दोघींचे आवाज चढले, चहा निवून गेला, आणि तुमच्यातल्या एकीनंही अजून अशा बाईच्या शेजारी बसून पाहिलेलं नाही. रागावू नका. पण मत द्यायची एवढी घाई बरी नव्हे.

मी एका बाईला ओळखते, तिनं आयुष्यभर या गोष्टीवर भाषण म्हणून केलं नाही. ती एवढंच म्हणायची, "चाल, मी येते संगं." वाक्य संपायच्या आत पायात चपला आणि खांद्यावर कापडी पिशवी. कुठे जायचं ते वाटेत विचारायची.

आमच्या गावच्या नर्सबाई त्या. सावली तालुक्याच्या बाजूला, आमच्या धानाच्या पट्ट्यात, सरकारी उपकेंद्रात नोकरीला. मी त्याच आवारातल्या अंगणवाडीत सेविका. मधे एक कडुनिंब आणि एक हातपंप. सगळी नोकरी आम्ही एकमेकींच्या डोळ्यांसमोर केली, आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी घर बांधलं तेही माझ्या भिंतीला भिंत लावून. त्यांचं नाव मी घेत नाही. घेतलं तर तुमच्यातली एखादी कुठेतरी लिहील आणि मला फोन येईल, "काऊन वं बाई, मले पेपरात टाकून देल्लं का?"

उंच, काटक बाई. नवरा लवकर गेला, एकुलती एक पोरगी. पांढरी साडी असायची, पण ती पांढरी आहे हे सांगावं लागायचं. कधी चिखल, कधी हळद, कधी कुठल्या लेकरानं केलेली ओकारी. कोणाला साप चावला, कोणाचे दिवस भरले, कोणाचं सासरी बिनसलं, सगळ्याला एकच औषध. "चाल, मी येते संगं." एकदा तर बँकेतल्या साहेबांना भ्यायलेल्या म्हातारीबरोबरही त्या तशाच गेल्या होत्या.

त्यांची कामाची एक रीत होती, ती मी दुसऱ्या कोणाजवळ पाहिली नाही. उपकेंद्रात बाई कधी एकटी येत नाही, तुम्हालाही माहीत आहे. सोबत सासू असते, नणंद असते, नवरा दारात बिडी ओढत उभा असतो. आणि बाईला काही विचारलं की उत्तर तेच देतात. नर्सबाईंकडे यासाठी एक सूप होतं आणि एक डबा तांदूळ.

एकदा एक सासू सुनेला घेऊन आली. सून एवढीशी, अजून बांगड्यांची सवय नसलेली. सासू उभ्या उभ्या म्हणाली, "हिचं पाडून टाका. पोट्टी हाय पोटात, आमी तपासून आणलं." कुठून तपासून आणलं ते सांगेना.

नर्सबाईंनी सुनेला विचारलं, "कितवा महिना वं?"

"तिसरा सरला," सासू म्हणाली.

"मळमळते का?"

"लय मळमळते," सासूच.

"सकाळी काई खाल्लं का?"

"खाल्लं न, भात खाल्ला तिनं."

नर्सबाई उठल्या. आतून सूप आणलं, त्यात तांदूळ ओतले आणि सासूच्या मांडीवर ठेवले. "मावशी, माह्ये डोळे गेले आता. एवढे खडे काढून द्या न. तुमच्यासारखं निवडणं कोणाले जमत नाई." अगं, ज्या बाईला दहा हातांवरून लेकराच्या डोक्यातली ऊ दिसायची, तिचे डोळे गेले! पण मावशी फुलली. पदर खोचून खडे काढायला बसली. सुनेचा नवरा दारात उभा होता, त्याला बादली देऊन हातपंपावर पाठवलं. आणि सुनेला घेऊन नर्सबाई कडुनिंबाच्या पलीकडे जाऊन बसल्या.

परत आल्या तेव्हा म्हणाल्या, "मावशी, तांदूळ तर मोत्यावानी निवडले तुमी. आता आयका. पोट्टी हाय म्हून पाडणं गुन्हा हाय, तपासून देणाराही अंदर जाते आणि नेणाराही. आणि तुमची सून म्हणते मले लेकरू पाहिजे. मी तिच्या संगं हाव. कुठी जायचं असन तर सांगा, मी येते."

मावशी सूप आपटून निघून गेली. तांदूळ सगळ्या ओट्यावर. पण ती पोट्टी झाली, आणि आता सायकलवर शाळेत जाते. रस्त्यात कोणाला वाट देत नाही, एवढी जोरात.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे नर्सबाई पोट पाडण्याच्या विरुद्ध होत्या. थांबा. पुढचं ऐका.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात तीन लेकरांची माय एकटी आली. धाकटं अजून अंगावर पीत होतं. ती नुसती उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, माह्यानं नाई होत आता." हिच्यासाठी सूप काढावं लागलं नाही. नर्सबाईंनी तिला पाणी दिलं, काय काय करता येतं ते सगळं सांगितलं, ठेवलं तर कसं, नाही ठेवलं तर कसं. "ठेवतो म्हणशीन तर मी हाव. नाई म्हणशीन तर चाल, मी येते संगं."

ती नाही म्हणाली. मग नर्सबाई घरात गेल्या, बुद्धाच्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावली, हात जोडून थोडं थांबल्या, आणि पिशवी घेऊन बाहेर आल्या. नदीपलीकडे गडचिरोलीच्या दवाखान्यात न्यायचं होतं.

मी तेव्हा तोंडाची फटकळ होते, आताही आहे. मी विचारलं, "नर्सबाई, सकाळी पंचशील म्हणता, जीव घेणार नाई म्हणता, आणि दुपारी हिले घेऊन चालल्या. कसं बसवता हो तुम्ही हे?"

चपलेचा पट्टा ओढत त्या म्हणाल्या, "बसत नाई वं बाई. बसलं असतं तर मेणबत्ती काहाले लावली असती?"

मला वाटलं होतं रागावतील. त्या बसस्टॉपकडे चालायला लागल्या, एक हात त्या बाईच्या पाठीवर. मी मात्र अंगणवाडीच्या दारात बराच वेळ तशीच उभी होते. खिचडी खाली लागली त्या दिवशी.

आणि दवाखान्यातून आणून सोडलं की त्यांचं काम संपत नसे. खरं तर तिथूनच सुरू व्हायचं. पोट पडलेली असो नाहीतर पाडलेली असो, त्या म्हणायच्या, "हेही बाळंतीणच हाय. लेकरू घरी नाई आलं म्हून हिच्या अंगातून काई गेलं नाई का?" तिला तेल लावायचं, ऊन पाण्यानं न्हाऊ घालायचं, पेज द्यायची, निजू द्यायचं. सासवांना हे पटायचं नाही. बाळ नाही तर बाळंतीण कसली?

ती तीन लेकरांची माय, तिला घरच्यांनी दुसऱ्याच दिवशी रोवण्याला, धानाच्या लावणीला, लावलं. आमच्याकडे रोवणीच्या दिवसांत बाईमाणूस घरी बसलं की घर बुडाल्यासारखं करतात. नर्सबाईंना कळलं. तशाच पांढऱ्या साडीत धानाच्या बांधीवर गेल्या, धुऱ्यावर चपला काढल्या आणि गुडघाभर चिखलात उतरल्या. त्या बाईच्या हातातली पऱ्ह्यांची, धानाच्या रोपांची, जुडी घेतली. "तू जाय घरी. तुहा रोवणा मी करते."

तिचा दीर धुऱ्यावरून ओरडला, "नर्सबाई, तुमाले जमते का?"

"सुई टोचता येते तर पऱ्हा काऊन नाई टोचता येनार?"

जमत नव्हतं गं! त्यांची ओळ अशी वाकडी गेली की बाकीच्या बायांना हसून हसून उभं राहवेना. एक म्हणाली, "बाई, तुमची ओळ तर बांधी सोडून पार आलापल्लीले चालली." पण मग दोघीजणी त्यांच्या आजूबाजूला सरकल्या आणि त्यांची ओळ आपल्यात घेतली. ती बाई घरी जाऊन निजली. संध्याकाळी नर्सबाईंनी तिला तेल लावलं, मोहाच्या बियांचं, कोमट करून. मी वाटी धरली होती. ती बाई तेल लावताना रडली. दवाखान्यात रडली नव्हती म्हणे.

अशी ती बाई. आता अमेरिकेचं सांगते.

नर्सबाईंची पोरगी हुशार निघाली. नागपूरला शिकली, कॉम्प्युटरची नोकरी लागली, लग्न झालं, नवऱ्यासोबत अमेरिकेला गेली. त्या राज्याचं नाव माझ्या जिभेवर बसत नाही. मायलेकींचं पटायचं, पण दोघी बोलायच्या कमी. पोरगी लहानपणापासून बघत आली होती ना, आई सदा दुसऱ्या कोणाच्या तरी संगं. ती दहावीत पहिली आली त्या दिवशीही आई कोणाच्यातरी बाळंतपणात होती. तक्रार तिनं कधी केली नाही. फोनवर मात्र "बरी आहे, तू बरी आहेस ना," एवढ्यावर आटपायची.

तिला दिवस गेले आणि तिनं आईला बोलावलं, तेव्हा नर्सबाई दहा वर्षांनी लहान झाल्या. पेटी भरायला मी होते. डिंक, ओवा, जुन्या लुगड्यांची दुपटी, आणि मोहाच्या बियांच्या तेलाची बाटली, तीन पिशव्यांत गुंडाळलेली. मी म्हटलं, "तिथं हे विमानात येऊ देतील का?" म्हणाल्या, "नाई देल्लं तर अंगाले लावून जाईन."

पुढचं सगळं मला त्यांनीच सांगितलं, परत आल्यावर, माझ्या गच्चीवर लाखोळीच्या डाळीच्या वड्या घालताना. ओळीनं वड्या घालायच्या, मधेच हात थांबायचा, पुन्हा घालायच्या. मी मान वर केली नाही. अशा वेळी समोरच्याच्या तोंडाकडे पाहू नये.

त्या पोचल्या आणि थोड्याच दिवसांत सोनोग्राफीत दिसलं, की बाळाच्या डोक्याची कवटीच बनलेली नाही. जन्माला आलं तरी जगणार नाही. नर्सबाईंना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती, त्यांनी आपल्याकडे असं एक लेकरू हातात घेतलं होतं, ते हातातच गेलं होतं. पोरगी म्हणाली, मला नऊ महिने हे घेऊन चालता येणार नाही. लोक पोटाकडे बघून विचारतील, मुलगा की मुलगी, मी काय सांगू?

पण ती राहते त्या राज्यात कायदा नवा आणि कडक झालेला. बाळ वाचणार नाही हे सगळेच कबूल करत होते, तरी तिथे कोणी पोट पाडून देऊ शकत नव्हतं. दुसऱ्या राज्यात जावं लागणार होतं, दिवसभर गाडी चालवून.

"बाई," नर्सबाई मला म्हणाल्या, "त्या मशिनीत त्याचं काळीज टुकटुक करून राह्यलं होतं. जन्मभर मी तो आवाज दुसऱ्याच्या पोटातला आयकला. हा माह्या नातवाचा होता."

निघायच्या आदल्या दिवशी पोरीनं विचारलं, "आई, तुला काय वाटतं?"

आणि नर्सबाई म्हणाल्या, "मी येते संगं."

पोरगी उठली. आत निघून गेली. गावातल्या प्रत्येक बाईला जे पुरलं होतं, ते पोटच्या पोरीला पुरलं नाही. तिला आईचं मन पाहिजे होतं, आणि आईनं तिला सोबत देऊ केली. वडी घालता घालता नर्सबाई म्हणाल्या, "मले समजलं होतं तिले काय पाहिजे. पण माह्या मनात काय हाय तेच मले सापडत नव्हतं. खोटं कसं बोलू?"

त्या दुसऱ्या राज्यातल्या दवाखान्यात आत एकालाच सोबत जाऊ देत होते. जावई आत गेला. नर्सबाई गाडीत बसल्या. पाय आखडले म्हणून खाली उतरल्या, तर कुंपणाच्या बाहेर, फुटपाथवर, काही बाया आणि दोन-तीन माणसं. घडीच्या खुर्च्या, थर्मास, आणि हातात फलक. फलकांवर गोड गोड बाळांची चित्रं.

आता तुम्ही सांगा, आमच्या नर्सबाईंनी काय समजावं? तीस-पस्तीस वर्षं ज्या बाईनं पोलिओच्या रॅली काढल्या, लसीकरणाच्या काढल्या, मुलगी वाचवाच्या काढल्या, बाळाचं चित्र असलेला फलक घेऊन गावोगाव फिरली, तिला दवाखान्याबाहेर असे लोक दिसले तर ती काय समजेल? त्यांना वाटलं, आपल्याच खात्यातले लोक. तिकडच्या आशाताई! सकाळपासून उन्हात उभ्या आहेत बिचाऱ्या, चहा-नाश्ता कोणी दिला की नाही कोण जाणे. इंग्रजी त्यांना अक्षरांपुरतं येतं. एका फलकावर "बेबी" वाचलं आणि खात्रीच पटली.

पिशवीतून मुरमुऱ्यांचा चिवडा काढला आणि गेल्या त्यांच्यात. छातीवर हात ठेवून सांगितलं, "नर्स. इंडिया. नर्स." ते लोक खूश झाले. एक म्हातारी होती, यांच्याच वयाची, गळ्यात क्रूस. तिनं आपल्या खुर्चीवर यांना बसवलं, थर्मासातली कॉफी दिली. यांनी तिला चिवडा दिला. तिखट लागला तिला, डोळ्यांत पाणी आलं, दोघी हसल्या. नर्सबाईंनी दवाखान्याकडे बोट दाखवून म्हटलं, "डॉटर." मग पोटावर हात ठेवला आणि मान हलवली. म्हातारीनं यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि डोळे मिटून काहीतरी पुटपुटली. यांना वाटलं, कोण कुठली बाई, माझ्या पोरीसाठी देवाला सांगून राह्यली.

म्हातारीला कॉफी प्यायची होती म्हणून यांनी तिचा फलक धरला. आणि धरला तो आपल्या सवयीनं. बाकीचे लोक पोटाशी धरून उभे होते. यांनी मान हलवली, "असा नाई, असा," आणि दोन्ही हात सरळ वर करून फलक डोक्याच्या वर नेला. आमच्या रॅलीत मागच्या ओळीला दिसावा म्हणून तसाच धरायचा असतो.

आणि दार उघडून जावयाच्या दंडाला धरून पोरगी बाहेर आली.

तिनं आधी फलक पाहिला, मग खालचे हात पाहिले. त्या बांगड्या तिच्या ओळखीच्या होत्या.

नर्सबाई सांगत होत्या, "बाई, ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती तोंड फिरवून गाडीकडं चालली. मले समजेना काऊन. त्या म्हातारीनं मात्र एकदा पोरीकडं पाह्यलं, एकदा माह्याकडं. माह्या हातातून फलक काढून घेतला आणि गवतावर उलटा ठेवून देल्ला. चित्र खाली."

परतीच्या वाटेवर पेट्रोल पंपावर जावयानं हळूच सांगितलं, फलकावर काय लिहिलं होतं ते. "आई, मला मारू नकोस."

नर्सबाई पंपाच्या मागे जाऊन ओकल्या. कॉफी सगळी बाहेर.

मी वडीचं पीठ तसंच हातात धरून बसले होते. मला रागच आला होता त्या म्हातारीचा. मी म्हटलं, "असे कसे हो निर्दयी लोक? दुसऱ्याच्या पोरीच्या वाटेत असं लिहून उभं राहायचं!"

नर्सबाईंनी मान हलवली. "निर्दयी नव्हती वं ती. तिनं मले खुर्ची देल्ली, स्वतः उभी राह्यली. तिच्या मनात जीवाबद्दल जे हाय, ते माह्याही मनात हाय, थोडं का होईना. तिचं प्रेम खोटं नव्हतं. पण ते न पाहिलेल्या लेकरावर होतं, आणि पोट्टी समोरून चालत आली तवा कुठी तिले दिसली." मग म्हणाल्या, "मले तरी कुठी दिसली होती?"

घरी आल्यावर पोरीनं खोलीचं दार लावून घेतलं. जावई आत-बाहेर करायचा, जेवणाचं ताट न्यायचा, तसंच परत आणायचा. नर्सबाई रोज सकाळी तेल कोमट करायच्या आणि वाटी घेऊन दाराशी जमिनीवर बसायच्या. तेल निवलं की पुन्हा उठून कोमट करायच्या. दार वाजवायच्या नाहीत. जावई म्हणाला, "आई, मी बोलू का तिच्याशी? फलकाची चूक कशी झाली ते सांगतो." म्हणाल्या, "नोको बाबू. तिले वाटन मी सफाई देऊन राह्यली."

एका सकाळी दार उघडलं. पोरगी आतूनच म्हणाली, "बाळ नाही आई. कशाला हे?"

"तू हाय न."

ती पालथी निजली. यांनी पाठीला तेल लावायला घेतलं. मोहाचा वास सुटला आणि पोरगी म्हणाली, "घरासारखा वास येतो." पुष्कळ वेळानं, तोंड उशीत ठेवूनच, तिनं पुन्हा विचारलं, "आई, मी चुकले का? खरं सांग. संगं येते म्हणू नकोस."

नर्सबाईंचा हात थांबला. त्यांनी मला सांगितलं, गडचिरोलीच्या वाटेवर इतक्या वेळा गेल्या, पण हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. कोणाची हिंमत झाली नसेल, नाहीतर गरज.

त्या म्हणाल्या, "मले लय वाईट वाटलं. अजून वाटते. माह्यानं झालं नसतं. मी त्याले शेवटपर्यंत पोटात ठेवलं असतं आणि हातात घेऊन रडली असती. पण हे माह्यं झालं. तू चुकली असं मले वाटत नाई. वाईट वाटणं आणि चूक वाटणं एक नोहे, बेटा. मीही ते आताच शिकून राह्यली."

पोरगी रडायला लागली. आवाज करून, लहानपणी रडायची तसं. आणि म्हणाली, "तू हे आधी का नाही बोललीस?"

"मले आधी येत नव्हतं," नर्सबाई म्हणाल्या.

एवढं सांगून त्या माझ्या गच्चीवरून उठल्या, पिठाचे हात धुतले, आणि म्हणाल्या, "वड्या सुकल्या की मले दोन वाट्या दे, पार्सल करून पाठवाच्या हाय. तिनं मागतल्या."

त्यानंतर काय बदललं ते मी भिंतीपलीकडून ऐकलंय. पूर्वी फोन दोन मिनिटांचा असायचा. आता भांडणं व्हायची! "आई, तू गोळी घेतलीस का?" "घेतली न." "खोटं बोलू नको, तोंड दाखव." मायलेकी भांडायला लागल्या की समजावं, सगळं ठीक आहे. दोन उन्हाळे असे गेले. मग पोरीला पुन्हा दिवस गेले, नर्सबाई पुन्हा पेटी भरून गेल्या, आणि नात झाली. डोकं भरून केस. फोटो मला सगळ्यांत आधी आला, डॉक्टरांनी वजन करायच्याही आधी, असं मी सगळ्यांना सांगते.

तेव्हापासून त्या तिकडेच आहेत. पोरगी सोडत नाही. नातीला सांभाळायला म्हणते, पण मला विचाराल तर नातीचं निमित्त आहे. एवढी वर्षं गावाला वाटून वाटून उरलेली आई तिला मिळाली होती, आता ती सगळी घेतेय. घेऊ दे. तिचा हक्क आहे. मी काही म्हणत नाही. शेजारचं घर बंद आहे एवढंच, आणि माझ्या भिंतीला आता पलीकडून कोणी वाटी वाजवत नाही.

परवा व्हिडिओ कॉल आला. नर्सबाईंना अजून फोन धरता येत नाही, कधी छत दिसतं, कधी नाक. या वेळी फोन कुठेतरी टेकवला होता आणि मांडीच तेवढी दिसत होती. मांडीवर डोकं होतं. मला वाटलं नात असेल. तर ती पोरगी होती, एवढी मोठी नोकरीवाली, डोळे मिटून निजलेली, आणि नर्सबाईंचा हात तिच्या केसांतून हळूहळू फिरत होता. वरून नुसता आवाज येत होता, "बोल न वं बाई, काऊन चूप झाली?"

मी फोन तोंडाशी धरला. हळूच म्हटलं, नर्सबाई, पोरीला उठवू नका. फक्त एवढं ऐका. तुमच्या अंगणातली जागा मी झाडून ठेवली आहे, धान निघालं आहे, नवा तांदूळ घरात आहे. नातीला आणा, पोरीला आणा, जावयालाही आणा. तुम्ही एकट्या येऊ नका. सगळ्यांना संगं घेऊन या, आणि लवकर या.